डावं पुढचं चाक

लांज्याच्या बाजारपेठेतून पालीच्या दिशेने निघालं, की गाव संपता संपता एक काजूचा कारखाना लागतो. त्याला खेटूनच उमेरचं गॅरेज होतं. भाजलेल्या टरफलांचा जळका, घशाशी बसणारा वास दिवसभर तिथे भरून असायचा. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावायची. उमेरला तो वास जाणवेनासा होऊन जमाना झाला होता. ऐन उमेदीची वर्षं त्याने मस्कतला मोठमोठ्या फोर-व्हील गाड्यांखाली पाठीवर पडून काढली होती. वडील अंथरुणाला खिळले म्हणून परत आला आणि ते गेल्यावरही इथेच राहिला. माणूस बोलायला बेताचाच. पण गाडीच्या आवाजाबाबत त्याचं म्हणणं ठाम असायचं: प्रत्येक आवाजाला पत्ता असतो. घाई न करता एकेक दार ठोठावत गेलं, की घर सापडतंच.

शिमगा आटोपून मुंबईकर परत गेले होते. ऊन चढायच्या आत रितेशने आपली जीप आणून गॅरेजपुढे उभी केली.

ही जीप उमेरच्या चांगल्या ओळखीची होती. कुठल्याशा लिलावात कुणी घेतलेली, मग हात बदलत बदलत रितेशच्या वडिलांकडे, भागोजींकडे आलेली. त्यांची वाडी सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर. खालच्या डांबरी रस्त्यापर्यंत एसटी यायची. तिथून वर जाणारा चढ नुसता जांभा आणि सुटी खडी. रिक्षा निम्म्यातूनच मागे घसरायची. वर जायची ती एकटी ही जीप. वाडीतली तरणी माणसं मुंबईला, मागे उरलेल्यांची रेशनची पोती, गॅसच्या टाक्या, औषधं, दुखणी, सगळं रितेशच वर-खाली करायचा.

त्या दिवशी त्याच्या शेजारच्या सीटवर त्याची आई हौसाकाकी होती. उतरल्यावर तिने पदराखालची पिशवी उमेरच्या हातात ठेवली. आत ओले काजूगर होते.

"सोलून आनलेत," ती म्हणाली, "तुज्या बायकोचं हात चिकानं उतायला नकोत." आणि चपला फटफटवत बाजाराकडे निघून गेली.

रितेशची तक्रार साधी होती. डाव्या पुढच्या चाकातून घरघर येते आणि चढाला गाडी किंचित डावीकडे ओढते. जुन्या फोर-व्हील गाडीत याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. चाक ज्या गाभ्यावर बसवलेलं असतं त्या हबमधलं बेअरिंग गेलेलं असतं. उमेरने जॅक लावून चाक अधांतरी केलं, वरून-खालून धरून हलवून पाहिलं. ढिलेपणा नव्हता. रितेशला ब्रेक दाबायला लावून पुन्हा हलवलं. चाक ताठ. हाताने फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं.

मग दोघे फेरी मारून आले. आवाज येत होता, उमेरलाही ऐकू आला. गाडी उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकावर येतो आणि बिघडलेलं बेअरिंग जास्त ओरडतं. डावीकडे वळवलं की गप्प होतं. इथे दोन्हीकडे घरघर तेवढीच राहिली. परत आल्यावर उमेरने दोन्ही हबांना हात लावला. उजवा तापला होता. डावा माठाच्या बुडासारखा गार होता.

आणखी एक गोष्ट त्याला दिसली. या जीपच्या पुढच्या दोन्ही हबांवर एकेक चकती होती. चढाला चारही चाकांचा जोर लागला, की खाली उतरून ती हाताने 'लॉक'वर फिरवायची. सपाटीला आलं की परत 'फ्री'वर. उजवी फ्रीवर होती. डावी लॉकवर.

रितेश म्हणाला, डांबरीला लागल्यावर दोन्ही मी स्वतः फिरवल्या. माणूस विसरतो, उमेरने मनात धरलं. त्याने हब खोलला, आतलं बेअरिंग धुऊन उन्हात धरून पाहिलं. कुठे डाग नाही, ओरखडा नाही. तरी त्याने नवीन घातलं, नवं ग्रीस भरलं आणि गाडी दिली.

आठवडा उलटायच्या आत रितेश परत आला. आवाज होता तिथेच होता. चकती लॉकवर होती.

या वेळी उमेरने जुन्या मिस्त्रींची युक्ती केली. डावा हब उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला. दोष हबात असेल तर आवाज हबाबरोबर दुसऱ्या बाजूला जायला हवा. तो गेला नाही. मग हब ज्यावर बसतो तो दांडाच त्याने बदलला. पुढच्या खेपेला आतला सांधा, ब्रेकचे लायनर, शेवटी चाकसुद्धा बदललं. जुना भाग काढून नवा घातला की तो आशेने फेरी मारून यायचा, आणि तीच घरघर त्याच्यासोबत परत यायची. डाव्या कोपऱ्यात आता मूळ गाडीतलं असं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं.

मग एका सकाळी त्याने जीप लोखंडी घोडीवर चढवली, डावं चाक काढून भिंतीला टेकवलं, हब काढून टेबलावर ठेवला. रितेश टपरीवरून दोघांसाठी चहा घेऊन आला आणि समोर उभा राहिला. इंजिन बंद होतं. उमेरने कोपऱ्यातली लांब लोखंडी सळई उचलली. बारीक आवाज शोधायला मिस्त्री ती वापरतात. एक टोक यंत्राला, दुसरं कानाला. उगाच, हाताला सवय म्हणून, त्याने ती उघड्या दांड्याला टेकवली.

आधी काहीच नव्हतं. मग लांबून आल्यासारखी घरघर आली. आणि घरघरीच्या आत माणसं होती.

दाटीवाटीने भरलेल्या गाडीत माणसं बोलतात तसं ते बोलणं होतं. कुणीतरी हसलं. पिशवीतली भांडी एकमेकांना लागली. इंजिन पहिल्या गिअरमध्ये चढ चढत होतं, टायरखालून खडी उडत होती. मग एक आवाज बाकीच्यांवरून स्पष्ट वर आला.

"बाबा, धरून बसा हां, फुडं जरा व—"

आणि तिथेच, शब्दाच्या मधोमध, सगळं थांबलं.

तो आवाज रितेशचा होता. रितेश समोर उभा होता, तोंडाशी चहाचा ग्लास धरून.

"सापडलं काय?" त्याने विचारलं.

उमेरने सळई खाली ठेवली. फडक्याला हात पुसले. त्याने सांगितलं, की एक पार्ट कोल्हापूरहून मागवावा लागेल, तोवर गाडी इथेच राहू दे. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती; बोलून झाल्यावर त्याला आपलाच आवाज परका वाटला.

दुसऱ्या दिवशी तो रत्नागिरीला जाऊन कानाच्या डॉक्टरांना दाखवून आला. कान उत्तम आहेत, ते म्हणाले. परत येऊन त्याने गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीला सळई लावून पाहिली. लोखंडाचे आवाज लोखंडासारखेच होते. जीपला लावली की मात्र तीच माणसं, तोच चढ, आणि रितेशचं ते वाक्य त्याच जागी तुटलेलं. बायकोला, महरीनला, त्याने जेवताना हे सांगितलं. तिने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, ती गाडी त्यांना परत देऊ नका. एवढंच.

म्हणून उमेरने ती दिली नाही.

रितेश फोन करायचा, उमेर सबब सांगायचा. पार्ट आला पण चुकीचा आला. दुसरा मागवलाय. एकदा भागोजी स्वतः एसटीने आले. उंच, वाकलेले, अंगावर धुवट सदरा. गाडीच्या भोवती हळूहळू फिरून ते बाकावर बसले. वाडीचे पाय मोडल्यागत झालंय, एवढंच त्यांनी सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नाही. उमेरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगायचं काय? तुमच्या पोराचा शब्द एका लोखंडात अर्धा तुटतो, असं? मीच तो ऐकला, दुसऱ्या कुणी नाही, असं?

"चार दिवस द्या, तात्या," तो म्हणाला.

भागोजींनी मान हलवली आणि परतीच्या एसटीला गेले.

पुढे जे झालं ते वैशाखातल्या एका दुपारी. हौसाकाकी काजूच्या बागेत बोंडं वेचत होती. छातीत कळ आली म्हणून झाडाखाली बसली, ती उठेना. रितेशने रेंज मिळते त्या कातळावर धावत जाऊन फोन केला. रुग्णवाहिका आली, पण खाली डांबरीला येऊन थांबली. वरचा चढ तिला जमण्यासारखा नव्हता. मग बांबूला खुर्ची बांधून डोली केली. वाडीत खांदा द्यायला तरणा एकटा रितेश, बाकी सगळे म्हातारे. पाखाडीच्या पायऱ्यांवरून ते उतरत राहिले, दर वळणावर डोली खाली ठेवत, दम घेत. तेवढ्या वाटेत तिने परत परत एकच विचारलं. लांजा आलं काय रे? रितेश म्हणत राहिला, आलं, आलं. डांबरी दिसायला लागली तेव्हा तिने विचारायचं थांबवलं होतं.

उमेर दुसऱ्या दिवशी ती पाखाडी चढून त्यांच्या घरी गेला. पडवीत माणसं बसली होती. भागोजींनी त्याला जवळ बसवून घेतलं, पाणी विचारलं. जीपचं नाव कुणीच काढलं नाही. कुणीतरी काढावं, दोन शब्द बोलावेत, अशी तो संध्याकाळपर्यंत वाट बघत बसला. मग उठून आला.

तेराव्यानंतर रितेश गाडी न्यायला आला. डोकं भादरलेलं, गालांवर नुकते फुटलेले खुंट. उमेरने जीप तयार करून ठेवली होती. आता ती अडवायचं तोंड त्याच्याजवळ राहिलं नव्हतं. तो नटबोल्ट शेवटचे आवळत होता, तेवढ्यात रितेश चाकाशी उकिडवा बसला. उमेरला करताना त्याने पाहिलं होतं, तसंच त्याने केलं. कोपऱ्यातली सळई घेतली, हबला टेकवली, कान लावला.

उमेरला हात पुढे करून ती काढून घेता आली असती. त्याचा हात पान्यावरच राहिला.

रितेश खूप वेळ ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती आली नाही. हळूहळू त्याचे खांदे सैल पडले, आणि दमलेला माणूस घरी आल्यावर उंबऱ्यावर टेकतो तसं त्याने डोकं टायरला टेकवलं.

"आई हाय," तो म्हणाला.

मग उमेरने त्याला सगळं सांगितलं. त्याचा तुटलेला शब्द, कोल्हापूरचा खोटा पार्ट, सगळं. रितेश सळईवरून बोट फिरवत ऐकत राहिला.

"म्हंजे आमाला वाचवायला गाडी ठेवलीस तू."

"हो."

"बरं," रितेश म्हणाला. सळई कोपऱ्यात ठेवून पुढे म्हणाला, "आता ह्याला हात नको लावूस, उमेरभाई."

तो उठला, गाडी चालू केली आणि गेला. चढाला गाडी ओढते का, हे उमेरने विचारलं नाही.

त्यानंतर पावसाळा आला आणि गेला. उमेर रोज बातमीची वाट बघायचा. फोन वाजला की हातातलं काम टाकून तो धावायचा. पण जीपला काही झालं नाही. मुसळधार पावसात, शेवाळलेल्या चढावर ती एकदाही घसरली नाही. जो अपघात होईल म्हणून त्याने ती अडवून ठेवली, तो झालाच नाही. हे कळायला त्याला सगळा पावसाळा लागला, आणि कळल्यावर त्याचं अन्न तुटलं.

भाताची कापणी झाल्यावर भागोजी पुन्हा आले. बाकावर बसले. आधीच वाकलेले, आता निम्मे झाले होते.

रितेश वाडीतल्या कुणाला गाडीत घेत नाही, त्यांनी सांगितलं. दिवसभर वर-खाली करतो. खालून वर, वरून खाली. शेजारच्या धोंडूच्या पायात खिळा गेला तेव्हा त्याने हात दाखवला, तर रितेशने काच खाली करून सांगितलं, जागा नाय. गाडीत कुणी नव्हतं. भागोजींनी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. जेवायला बोलावलं तर म्हणतो, खाली पोचवून येतो. डावीकडची सीट रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसतो.

"तो ऐकनार नाय माजं," भागोजी म्हणाले. "तू गाडीच मोडून टाक. तुला येतं. काय पन करून मोड."

उमेरने कबूल केलं. दुसरं तो काय करू शकत होता? त्याने रितेशला फोन करून सांगितलं, फुकट सर्व्हिसिंग करतो, घेऊन ये. तो येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

पण रितेश आला. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. जीप धुतलेली, चकचकीत. तो स्वतः वाळला होता, पण चेहरा शांत होता, कुणीतरी घरी वाट बघत असलेल्या माणसासारखा. उतरून त्याने उमेरची विचारपूस केली, महरीनला सलाम सांगितला. मग माठातलं पाणी प्यायला तो गॅरेजच्या मागच्या बाजूला गेला.

उमेर पाना घेऊन डाव्या चाकाशी बसला. आतला सांधा ढिला करायला त्याला वेळ लागणार नव्हता. चकती लॉकवर होती. त्याने हबला हात लावला आणि झटकन काढून घेतला. इतका गार.

पान्याआधी त्याने सळई उचलली.

आता तिथे पुष्कळ जण होते. पूर्वीपेक्षा पुष्कळ. कुजबुज, खोकला, कुणीतरी पोराला थोपटत होतं. गाडी चालत होती, पण चढ संपत नव्हता.

"लांजा आलं काय रे?" हौसाकाकीने विचारलं. अगदी जवळून, सळईच्या दुसऱ्या टोकाला तोंड लावल्यासारखं.

"आलं गं. जरा दम धर," रितेश म्हणाला.

उमेरने मान वर केली. मागे माठापाशी रितेश उभा होता. पेला उंच धरून, घोट घोट पाणी पीत.

पाना उमेरच्या हातातून केव्हा पडला त्याला कळलं नाही.

रितेशने पेला पालथा घातला आणि तो सावकाश पुढे आला. जमिनीवर पडलेला पाना त्याने पाहिला. उचलून, फडक्याने पुसून टेबलावर ठेवला. रागावला नाही. बाबांनी सांगितलं असेल, तो म्हणाला. त्यांचं चुकत नाही. मग तो गाडीत बसला.

उमेर गॅरेजच्या तोंडाशी उभा राहिला. जीप रस्त्याला लागली आणि थोडं पुढे जाऊन एसटीच्या थांब्यापाशी थांबली. थांब्यावर कुणी नव्हतं. कडक ऊन होतं, सावलीला कुत्रंसुद्धा नव्हतं.

रितेशने आतून वाकून डावं दार उघडलं.

म्हाताऱ्या माणसाला चढायला लागतो तेवढा वेळ गेला. उमेरची नजर सवयीने चाकाच्या वर गेली. डावी कमान, भार पेलणारी ती स्प्रिंग, हळूच दबली, आणि दबलेलीच राहिली.

दार उघडंच होतं. थोड्या वेळाने कमान आणखी दबली.

मग आणखी.

रितेशने दार लावून घेतलं नाही. सीटवरून मान वळवून तो गॅरेजकडे बघत होता, अजून कुणी यायचं असल्यासारखा, काही घाई नसल्यासारखा.